हुकूम न पडलेला ख्रिसमस

तुम्ही कधी मुद्दाम हरला आहात का? नातवंडाचा चेहरा पडू नये म्हणून सापशिडीत हरतो, ते हरणं मी विचारत नाही. हातात एक्का आणि राजा असताना, समोर पोटची पोरगी फिदीफिदी हसत असताना, डावामागून डाव, दोन दिवस सलग हरणं. आणि हे हरणं नीट जमलं नाही तर नवरा घरातून जाणार, हे पक्कं ठाऊक असताना.

आमच्या लॉर्नाने ते केलं. मी त्याच टेबलावर होते, त्या पोरीची भिडू, लॉर्नाच्या विरुद्ध बाजूला. म्हणजे जिंकत मी होते. जिंकल्याची एवढी शिसारी मला आयुष्यात कधी आली नव्हती.

लॉर्ना ट्रेंबाथ, वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम पोर्ट हॅलोरन, जेटीच्या रस्त्यावरचं तिसरं घर. चौथं माझं. सोळाव्या वर्षी ती टेलिफोन एक्स्चेंजात लागली. गावातला प्रत्येक फोन तिच्या हातून जोडला जायचा. कुणाचं कुणाशी काय शिजतंय, कोण मेंढ्या विकून पळायच्या बेतात आहे, सगळं तिच्या कानांवरून गेलेलं. पण त्यातलं एक अक्षर तिच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. मी विचारून विचारून थकले. पुढे मशीन आलं, एक्स्चेंज बंद झालं, तेव्हा ती शाळेच्या कँटीनमध्ये गेली आणि बावीस वर्षं गावच्या पोरांना मांस-बटाटा भरलेल्या पेस्टी खाऊ घातल्या. गाडी चालवायला मात्र शिकली नाही. "क्लेम आहे ना," म्हणायची. हे वाक्य लक्षात ठेवा.

क्लेम तिचा नवरा. धान्याच्या जेटीवर एक्केचाळीस वर्षं जहाजं भरली त्याने. बोलणं कमी, हात लांब, आणि डोकं असं की डावातली शेवटची तीन पानं उरली की कुणाकडे काय आहे ते तो न बघता सांगायचा.

आमच्याकडे ख्रिसमसला फाइव्ह हंड्रेड खेळतात. दुपारचं जेवण झालं, कागदी टोप्या डोक्यावर चढल्या, की टेबल पुसायचं आणि पत्ते काढायचे, ते पोरं परत जाईपर्यंत आवरायचे नाहीत. टीव्हीवर क्रिकेट चालू असतं, आवाज बंद. आमच्या जोडात दहाच्या वर लगेच गुलाम येत नाही. आधी अकरा येतो, मग बारा येतो आणि दोन्ही लाल रंगांत तेरासुद्धा. सहा जण बसले की ही सगळी पानं लागतात. चौघं असतील तर अकरा-बारा-तेरा आणि खालची दुर्री-तिर्री काढून ठेवायची.

लग्नानंतरच्या पहिल्या, सहासष्टच्या ख्रिसमसला लॉर्नाच्या टेबलावर सहा जण होते. ती, क्लेम, तिचे आईबाप, क्लेमचा भाऊ आयव्हर आणि त्याची बायको. मग माणसं जात राहिली तशी पानं निघत राहिली. निघालेली पानं रबर लावून बिस्किटांच्या डब्यात पडून असतात. मुलगा ग्रँट पश्चिमेला लोखंडाच्या खाणीवर गेला आणि यायचा बंद झाला, तेव्हा चौथी खुर्ची रिकामी पडली. त्या खुर्चीवर अकरा वर्षं मी बसते.

लॉर्नाच्या टेबलावर एका गोष्टीला माफी नाही. हातात चालू रंग असून दुसऱ्या रंगाचं पान टाकलंत, तर ज्याला दिसेल त्याने बोलायचं. समोर कुणी का असेना. मुलगी जॅनीन सहा वर्षांची होती तेव्हा तिने असं एक पान लपवलं. बापाने भर टेबलावर पकडलं. पोरगी रडत परसात गेली. लॉर्ना म्हणाली, "रडून झालं की ये, वाटायची पाळी तुझी आहे." अशी ती माणसं.

आणि एक सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बदाम हुकूम असला, तर जोकरच्या खालोखाल बदामाचा गुलाम मोठा. त्याला आम्ही उजवा म्हणतो. त्याच्या खाली चौकटचा गुलाम, तो डावा. अंगावर चौकट असली तरी त्या डावापुरता तो बदामाचाच. बदाम आला की तो द्यावा लागतो. पोरांना हे शिकवायला दोन ख्रिसमस जातात. एकदा शिकलं की मरेपर्यंत विसरत नाही, असं आम्ही समजत होतो.

गेल्या ऑगस्टमध्ये क्लेमचं लायसन काढून घेतलं. ऑक्टोबरात तो पहाटे डबा घेऊन जेटीच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला, पायात घरातल्या सपाता. रिटायर होऊन अठरा वर्षं झाली होती त्याला. असं तीनदा झालं. मग लॉर्नाने जाळीच्या दाराला बकरीच्या गळ्यातली घंटी बांधली. कुणी विचारलं तर म्हणायची, मांजरासाठी आहे. तिच्याकडे मांजर नाही.

आमच्या हॉस्पिटलात म्हाताऱ्यांसाठी आठ खाटा होत्या. लॉर्नाच्या दारापासून सहाशे चाळीस पावलं, मी मोजलीत. दोन वर्षांपूर्वी त्या बंद केल्या. सव्वीसशे वस्तीच्या गावातून मी एकोणीसशे सह्या गोळा केल्या, सायकलवरून, दारोदार. उत्तर दोन ओळींचं आलं. त्यात माझं नावही चुकीचं. आता त्या खोलीत मोडक्या खुर्च्या ठेवतात. सर्वांत जवळची खाट अडीच तासांवर, शहराच्या कडेला. बस आठवड्यातून दोनदा जाते आणि दुसऱ्या दिवशी परत येते. गाडी न चालवणाऱ्या बाईसाठी हे अंतर किती असतं, ते नकाशात दाखवत नाहीत.

तर ख्रिसमसचं जेवण, आमच्याकडे भर उन्हाळ्यात. बाहेर त्रेचाळीस डिग्री, कूलर धापा टाकतोय, गार हॅम, कोळंबी, बीट. क्लेम व्हरांड्यात मॅगपाय पाखरांना हॅमची चरबी टाकत होता. जॅनीनने तेवढ्यात पिशवीतून कागद काढला.

"आई, एक खाट मिळतेय. दोन तारखेपर्यंत कळवायचंय."

"खाट कशाला? शेडमध्ये एक पडलीय, घेऊन जा."

"आई, चेष्टा नको. बाबांना आता घरी ठेवणं..."

"काय झालंय बाबांना?"

"जेटीवर गेला होता तो. तीनदा."

"चाळीस वर्षं रोज गेला, तेव्हा कुणी कागद आणला नाही." लॉर्नाने पुडिंगवर कस्टर्ड ओतलं, एक थेंब बाहेर नाही. "जो माणूस फाइव्ह हंड्रेड खेळतो, त्याचं डोकं जाग्यावर आहे. खेळून बघ त्याच्याशी."

जॅनीनने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. तुम्हाला हसू येईल, पण आमच्या गावात हे असंच चालतं. डॉक्टर विचारतात आज वार कोणता. आम्ही विचारतो, बाहेर किती हुकूम राहिले? उत्तर बरोबर आलं की माणूस शाबूत. आजवर आमच्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांचा निकाल आम्ही असाच लावला. जॅनीन शहरात तीस वर्षं राहिली तरी हाडाची याच गावची.

"ठीक आहे," ती म्हणाली. "एकोणतीसला मी निघते. तोवर बघते. बाबा नीट खेळला, तर मी कागद फाडते."

"शब्द?"

"शब्द."

पहिल्या डावातच मला कळलं. क्लेमच्या पाळीला लॉर्ना त्याच्या बोटाकडे बघत बसायची. तो पानांवरून बोट फिरवायचा, आणि बोट योग्य पानावर आलं की ही खोकायची. क्लेमला साधं पान साधं दिसत होतं. हुकूम पडला की मात्र तो भांबावायचा. गुलाम हातात घेऊन बसायचा, ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नाही म्हणून त्याच्यासमोर नुसतं उभं राहावं तसा.

संध्याकाळी भांडी विसळताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्यापासून सात म्हणत जा."

"काय?"

"तुला कळलंय. तुला कळलंय हे मला कळलंय. बोलीत सात म्हणत जा, नोलीन. सात झाल्याशिवाय मला मिझेर मागता येत नाही."

सात म्हणजे दहातले सात हात घेण्याची बोली. मिझेर म्हणजे एकही हात न घेण्याची. दहाच्या दहा हात समोरच्यांना द्यायचे. हात आला की बोली बुडाली. त्यात हुकूम नसतो. आणि मिझेर मागणाऱ्याचा भिडू खेळत नाही. तो आपली पानं पालथी ठेवतो आणि बसून राहतो.

मी मंत्र्याच्या ऑफिसात टेबलावर हात आपटलेली बाई. मी म्हणाले, "बरं."

सव्वीस आणि सत्तावीस, दोन दिवस आमच्या टेबलावर हुकूम जवळजवळ पडलाच नाही. हातात कचरा असला तरी मी सात इस्पिक म्हणायचे. लॉर्ना मिझेर म्हणायची. क्लेम पानं पालथी ठेवायचा. लॉर्ना एकटी आमच्या दोघींशी खेळायची आणि हरायची. मिझेर हलक्या पानांवर मागतात. ती काहीही हातात आलं तरी मागत होती.

"आई, एक्का आणि राजा घेऊन मिझेर?" जॅनीनने डाव संपल्यावर तिची पानं उलटून बघितली. "ऊन लागलंय का तुला?"

"म्हातारपणी माणूस धाडसी होतो. तुझाही नंबर येईल, घाबरू नको."

"हे धाडस नाही, ही आत्महत्या आहे."

क्लेम कागदी टोपी सारखी करत म्हणाला, "अठ्ठावन्न वर्षांत घरातल्या एकाही भांडणात हरली नाही ही. राहिलेली हौस पत्त्यांत भागवतेय."

सगळे हसले. लॉर्ना सगळ्यांत मोठ्याने हसली. तिच्या मांडीवरचा हात मला दिसत होता. टेबलाच्या कापडाची कड ती बोटांनी पिळत होती, ओला कपडा पिळावा तशी. सत्तावीसच्या दुपारी आम्ही सलग पाच गेम जिंकलो. जॅनीनने मला टाळी दिली. मी ती घेतली.

अठ्ठावीसला सकाळपासून उत्तरेचा वारा, तोंडात लाल माती. एवढी एक दुपार काढली की झालं. दोन डाव झाले. तिसऱ्याला मी सात म्हणाले, लॉर्ना मिझेर म्हणाली, आणि क्लेमने पानं खाली ठेवली नाहीत.

"लॉर्ना, दोन दिवस झाले, मी पत्ते उचलतो आणि खाली ठेवतो. मी काय फळीवरची फुलदाणी आहे?"

"क्लेम, माझी पानं हलकी आहेत."

"रोजच बरी हलकी येतात तुझी." आवाज चढला नव्हता. "मला खेळू दे गं. एक डाव."

लॉर्नाने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत जे होतं, ते मी तिच्याकडे साठ वर्षांत बघितलं नव्हतं. ती भीक मागत होती. पण मी काय करणार? मी बोली जिंकले तरी त्याला खेळावं लागणारच.

"पुन्हा वाटू," जॅनीन म्हणाली. तिचीच पाळी होती. तिने वाटलं.

क्लेम म्हणाला, "सात बदाम."

आम्ही तिघीही पास म्हणालो. त्याने तळाची तीन पानं उचलली, नको ती तीन टाकली, अगदी पूर्वीसारखी, मनगटाचा एक झटका. जोकर उतरला. उजवा उतरला. बदामाचा एक्का उतरला. तीन हात खाडखाड घरात. लॉर्नाच्या गालावर रंग आला. मला वाटलं, सुटली. चौथा आणि पाचवाही हात त्यानेच घेतला. आणखी दोन हवे होते.

सहाव्या हाताला जॅनीनचं पान मोठं पडलं. तिने बदामाचा राजा उतरला. क्लेमने पानांवरून बोट फिरवलं. लॉर्ना खोकली. बोट पुढे गेलं. पुन्हा खोकली. त्याने किलवरची पंजी टाकली.

म्हणजे त्याच्याकडचा हुकूम संपला. असंच समजायचं.

पुढचा हात मी घेतला. मग मी चौकटचा एक्का उतरला. क्लेमने त्यावर चौकटचा गुलाम ठेवला. सहज, कुठलंही हलकं पान ठेवावं तसा.

डावा गुलाम. मघाशी राजा आला तेव्हा तो त्याच्या हातात होता.

जॅनीनला दिसलं. मला दिसलं. लॉर्नाला तर पान हातातून सुटण्याआधीच दिसलं होतं. ज्याला दिसेल त्याने बोलायचं, हा या घरचा नियम. कुणी बोललं नाही. मी हात गोळा करायला बोटं पुढे केली.

"थांबा," क्लेम म्हणाला.

तो त्या गुलामाकडे बघत राहिला. ओठ हलत होते, पडलेली पानं मोजत होता. खूप वेळ लागला त्याला.

"हा डावा आहे. राजा आला तेव्हा माझ्याकडे होता."

"नव्हता," लॉर्ना म्हणाली. "तू आत्ता... क्लेम, काही नव्हता. नोलीन, उचल हात, पुढे खेळ."

"लॉर्ना. टेबलावर खोटं नाही."

मग तो जॅनीनकडे वळला. "तू सहा वर्षांची होतीस. मी तुला पकडलं होतं. तू मला का नाही पकडलंस?"

जॅनीनने डोक्यावरची कागदी टोपी काढली आणि मुठीत चुरगाळली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," क्लेम म्हणाला. "तिघींना."

त्याने आपल्या हातातलं उरलेलं एक पान पालथं ठेवलं, आणि वर तळहात ठेवला. "जॅनीन, ख्रिसमसला मला बघून पिशवीत घातलास तो कागद आण."

लॉर्ना उठली. खुर्ची मागे पडली. "नाही. कागद नाही आणायचा. क्लेम, मी हरते ना. दोन दिवस हरले, मला काही झालं नाही. मी वर्षभर हरेन. मला जमतं ते."

"माहीत आहे गं," तो म्हणाला. "म्हणून तर."

त्याने सही केली. नाव नीट लिहिलं, जेटीच्या रजिस्टरात लिहायचा तसं, सरळ. मग पेन उचलून धरलं आणि विचारलं, "तारीख काय आज?"

मी सांगितली. लॉर्ना परसात गेली होती.

दोन जानेवारीला जॅनीन गाडी घेऊन परत आली. त्याची पेटी लॉर्नाने भरली. शेवटी तिने बिस्किटांचा डबा काढला, रबर तोडलं, आणि अकरा, बारा, तेरा, दुर्री-तिर्री, सगळी पानं जोडात परत घातली.

"तिथे माणसं पुष्कळ असतील," म्हणाली. "सहा जण सहज बसतील."

बसत नाहीत. मी जाऊन आले. मोठी खोली आहे, टीव्ही आवाजासकट चालू. क्लेम खिडकीशी बसतो, पुढ्यात तो जोड. पिसतो, दहा-दहा पानं वाटतो, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतो, गोळा करतो. तिथल्या बायका चांगल्या आहेत, पण त्यांना हा खेळ येत नाही. वेळ तर त्याहून नाही. सात आठवड्यांत लॉर्ना दोनदा जाऊ शकली. दोन्ही वेळा बसस्टँडजवळच्या खोलीत रात्र काढून आली. दुसऱ्या वेळी त्याने तिला विचारलं, "बाई, तुमची बोली काय?" ती म्हणाली, "मिझेर." तो हसला. त्या हसण्याच्या आशेवर ती आता पुढच्या बसची वाट बघते.

दाराची घंटी तिने काढलेली नाही.

खाटांसाठी मी पुन्हा भांडणार आहे, ते माझं मी बघते. त्याला वर्ष लागेल, दोन लागतील. क्लेमकडे तेवढं नाही. म्हणून तुमच्याकडे मागते, आणि मला मागायची सवय नाही. तुमची गाडी शहराकडे निघाली असेल आणि बाजूची जागा रिकामी असेल, तर आधी जेटीच्या रस्त्यावर वळा. तिसरं घर. लॉर्नाला सोबत घ्या. तिथे पोचलात की लगेच निघू नका, अर्धा तास टेबलाशी बसा. खेळ येत नसेल तर ती वाटेत शिकवेल, अडीच तास आहेत. आणि क्लेमच्या हातात डावा गुलाम असताना त्याने किलवरची पंजी टाकली, तर त्याच्या तोंडावर बोला. गप्प बसू नका.